पायथॉनमध्ये लिस्ट फिरवताना 'आत्ता कितवा चाललाय' हे कसं ठेवता?

चाळकरी

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरवाला नाही, बँकेत आहे, पायथॉन लोकलमध्ये व्हिडिओ बघत बघत शिकलोय, त्यामुळे हसा पण जरा हळू हसा.

आमची गिरगावातली चाळ, ४८ खोल्या. गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या इतकी वर्षं कार्बन पेपर लावून हाताने फाडायचो. यंदा खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली म्हणून म्हटलं छोटा प्रोग्रॅम लिहू आणि छापूनच काढू. दोन लिस्ट केल्या, एक 'नावं' आणि एक 'रकमा', दोन्ही खोलीच्या क्रमाने. लूप रकमांवर फिरवला आणि खोली शोधायला हे केलं (इथे रोमन टाकलं की अक्षरांचं भजं होतंय, म्हणून कोड उच्चाराप्रमाणे लिहितोय):

फॉर रक्कम इन रकमा:
    खोली = रकमा.इंडेक्स(रक्कम)
    प्रिंट(खोली + १, नावं[खोली], रक्कम)

पहिल्या तीन खोल्यांवर चालवून बघितलं, बरोब्बर आलं, म्हणून सगळ्या छापल्या आणि पोरांच्या हाती वाटायला दिल्या. ५०१ देणाऱ्या खोल्या २१. त्या २१ च्या २१ पावत्या तीन नंबरच्या काकूंच्या नावाने निघाल्या!! काकू गॅलरीत उभ्या राहून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं विचारत होत्या की मी साडेदहा हजार दिले कधी ते मला पण कळू दे.

चूक कुठे आहे ते आता साधारण लक्षात आलंय, पण बरोबर पद्धत कुठली? ऑफिसातला एकजण म्हणतो रेंज लेन वापर, पुतणी म्हणते एन्युमरेट, आणि शेजारचा म्हणतो सरळ आय = ० कर आणि वाढवत जा, कशाला नाटकं. तुम्ही काय करता?

बटाटावडा_शून्य

काकूंना २१ प्रसाद द्या आणि विषय मिटवा.

मीनल_ठाणे

चाळकरी, तुमची पुतणी बरोबर आहे. इंडेक्स हे फंक्शन 'मी आत्ता कुठे आहे' ते सांगत नाही, 'ही किंमत पहिल्यांदा कुठे सापडते' ते सांगतं. दर वेळी लिस्टच्या सुरुवातीपासून शोधायला लागतं आणि पहिलं ५०१ दिसलं की थांबतं. ते तीन नंबरला होतं, म्हणून सगळं पुण्य काकूंना. तुमच्या पहिल्या तीन खोल्यांच्या रकमा वेगवेगळ्या असणार म्हणून ट्रायलमध्ये काही कळलं नाही.

एन्युमरेट प्रत्येक वस्तूबरोबर तिचा नंबर पण हातात देतो, शून्यापासून मोजून; तो नंबर आपण 'आय'मध्ये ठेवायचा. सरळ असं लिहा:

फॉर आय, रक्कम इन एन्युमरेट(रकमा):
    प्रिंट(आय + १, नावं[आय], रक्कम)

आणि + १ पण नको असेल तर एन्युमरेट(रकमा, स्टार्ट=१). फक्त मग नावं[आय] लिहू नका, एक घर पुढचं नाव येईल आणि परत गॅलरीत सभा. स्टार्टने मोजणी बदलते, लिस्टचा इंडेक्स बदलत नाही. यात भलेभले घसरतात, मी पण घसरलेय.

रिकामटेकडा

'फॉर आय' वाचून मला वाटलं आयसाठी काहीतरी करताय. डोळे भरून आले.

बटाटावडा_शून्य

@रिकामटेकडा 😂😂 आय इन रेंज म्हणजे आय गावातच आहे, काळजी नको.

सीवाला_बाबा

मी १९९१ पासून सी भाषेत प्रोग्रॅम लिहितोय. आमच्याकडे लिस्ट फिरवायची म्हणजे बहुतेक वेळा आय असतोच, त्यामुळे 'कितवा चाललाय' हा प्रश्नच कधी पडला नाही. एन्युमरेट वगैरे नव्या पोरांचे चोचले आहेत. फॉर आय इन रेंज(लेन(रकमा)) लिहा, लेन म्हणजे लिस्टची लांबी आणि रेंज म्हणजे शून्यापासून तितके नंबर, आतमध्ये रकमा[आय] आणि नावं[आय] दोन्ही मिळतात, वाचणाऱ्याला काय चाललंय ते दिसतं. उत्तर त्याचंही बरोबरच येतं. काम झाल्याशी मतलब.

मीनल_ठाणे

बाबा, उत्तर बरोबर येतं हे मान्य. आणि लिस्टमधल्या किंमती जागच्या जागी बदलायच्या असतील तर मी पण कधीकधी तेच लिहिते. पण रेंज लेनला लेन लागतो. फाईलच्या ओळी वाचताय तर फाईलला लेन कुठून आणणार? जनरेटरला, म्हणजे मागाल तशी एकेक किंमत बनवून देणाऱ्याला, पण नाही. एन्युमरेटला समोर काय आहे याच्याशी देणंघेणं नाही, एकेक वस्तू हातात येतेय ना, मग तो मोजतो. लॉग फाईलमध्ये कुठल्या ओळीला एरर आहे ते बघायला स्टार्ट=१ देऊन फाईलच फिरवायची, एडिटरमधला ओळ क्रमांक आणि आपला क्रमांक जुळतो.

आणि 'नवी पोरं' म्हणाल तर एन्युमरेट पायथॉन २.३ मध्ये आलं, २००३ साली. ती पोरं आता तुमच्याआमच्या वयाची झाली. स्टार्ट मात्र २.६ मध्ये आला.

सीवाला_बाबा

२००३ म्हणजे परवाच की.

डेटावाली

इंडेक्सबद्दल अजून एक. ४८ खोल्यांत कळणार नाही, पण मी हाच प्रकार एका जुन्या ऑफिसात एक लाख ओळींवर चाललेला बघितलाय. किंमती सगळ्या वेगळ्या असल्या, म्हणजे उत्तर बरोबर आलं तरी, प्रत्येक ओळीसाठी सरासरी पन्नास हजार तुलना, म्हणजे एकूण ५०० कोटी. स्क्रिप्ट लावून लोक जेवायला जायचे आणि परत येऊन चहा प्यायचे तरी ती चालूच. सगळ्यांचं म्हणणं सर्व्हर स्लो आहे. नवीन सर्व्हरचं कोटेशन मागवून झालं होतं हो! एका इंटर्नने ती एक ओळ बदलली आणि काही सेकंदात काम झालं. त्या इंटर्नला काय मिळालं विचारू नका, एक सर्टिफिकेट.

गल्लीतला_गणित्या

एक मूलभूत प्रश्न. हे शून्यापासून मोजायचं खूळ आलं कुठून? आमच्या आजीने सुद्धा कधी शून्य मोदक मोजून सुरुवात केली नाही.

सीवाला_बाबा

@गल्लीतला_गणित्या सीमध्ये ॲरे (आमची लिस्ट) म्हणजे सुरुवातीचा पत्ता, आणि इंडेक्स म्हणजे त्या पत्त्यापासून किती घरं पुढे जायचं. पहिलं घर शून्य घरं पुढे. इतकं सोपं आहे. संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनी १९८२ मध्ये हाताने लिहिलेलं एक टिपण आहे, त्यात त्यांनी वेगळ्याच बाजूने मांडलंय. सुरुवात धरायची आणि शेवट सोडायचा, म्हणजे शेवटातून सुरुवात वजा केली की थेट संख्या मिळते, आणि मग शून्यापासून सुरू केलं तर शेवट म्हणजेच लांबी. पायथॉनची रेंज तेच करते. पण फोर्ट्रान, मॅटलॅब, आर, लुआ या भाषा एकपासूनच मोजतात आणि त्यांचंही बरं चाललंय.

रोजचा_दादर

मुंबईकराने शून्याला नावं ठेवावीत? आपला तळमजला म्हणजे काय आहे मग. 'पहिला माळा' म्हणजे खालून दुसरा. अमेरिकेतून आलेला माझा चुलतभाऊ पहिल्या माळ्यावर ये म्हटलं तर तळमजल्याची बेल वाजवत बसला होता.

बटाटावडा_शून्य

आणि टॉवरात तेरावा मजला गाळतात ते? १२ नंतर थेट १४. चौदाव्यावर ज्यांनी फ्लॅट घेतला त्यांचा खरा इंडेक्स १३ आहे हे त्यांना सांगायचं नाही, वास्तुशांतीचा खर्च वाया जाईल.

रोजचा_दादर

😄 आता मूळ विषयावर. स्टार्ट म्हणजे काय हे समजायला दादर स्टेशन बघा. आधी पश्चिम रेल्वेलाही एक नंबर फलाट आणि मध्य रेल्वेलाही एक नंबर. 'दादरला एक नंबरवर भेट' म्हटलं की दोघं दोन पुलांच्या दोन टोकांना, आणि फोनवर भांडण. ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ तसेच ठेवले आणि मध्यचे ८ ते १४ केले. म्हणजे एन्युमरेट(मध्यचे_फलाट, स्टार्ट=८). फलाट तेच, मोजणी फक्त आठपासून.

मीनल_ठाणे

वा! हे मी शिकवताना वापरणार, आधीच सांगून ठेवते.

जुना_पासधारक

रोजचा_दादर, उदाहरण झकास पण हिशेब तुम्ही म्हणता तितका सरळ नाही. मध्यचा जुना दोन नंबर त्याच्या आधीच काढून टाकला होता, एक नंबर रुंद करायला. त्यामुळे जुना १ झाला ८, पण जुना ३ झाला ९, जुना ४ झाला १० आणि असं करत जुना ८ झाला १४. म्हणजे पहिल्याला अधिक सात आणि बाकी सगळ्यांना अधिक सहा. मी सुरुवातीला डोक्यात 'जुना अधिक सात' असं धरून चाललो आणि जुन्या चार नंबरची गाडी पकडायला अकरावर जाऊन उभा. गाडी शेजारून गेली. पासधारक म्हणवून घेतो आणि ही गत, घरी अजून सांगितलेलं नाही.

डेटावाली

@जुना_पासधारक तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय सांगून गेलात. लिस्टमधनं मधलं एक काढलं की त्याच्या पुढच्या सगळ्यांचे नंबर एकेकाने सरकतात, आणि ज्यांनी जुना नंबर पाठ केला ते चुकीच्या फलाटावर. लूप चालू असताना लिस्टमधून रिमूव्ह केलं की नेमकं हेच होतं. वर्गणीचंच घ्या, ज्यांनी पैसे दिले त्यांना यादीतून काढत जायचंय. फॉर लूपला फक्त 'आता पुढची जागा बघ' इतकंच माहीत. तुम्ही पाचव्या जागेवरचा काढलात, सहावा सरकून पाचव्यावर आला, लूप गेला सहाव्या जागेकडे. त्या बिचाऱ्याकडे कोणी बघितलंच नाही. सलग दोघांनी पैसे दिले असतील तर दुसरा थकबाकीदार म्हणून यादीत राहतो, आणि एरर वगैरे काही येत नाही. नवी लिस्ट बनवा, जुनीला कात्री लावू नका.

सीवाला_बाबा

किंवा शेवटाकडून सुरुवातीकडे या. उलटं चालताना मागचं सरकलं तरी आपल्याला फरक पडत नाही.

पुतणी_नव्हे_पण_तशीच

बाबांच्या वरच्या प्रतिसादावर: उलटं जाताना रिव्हर्स्ड(एन्युमरेट(नावं)) लिहिलंत तर पायथॉन टाईप एरर देईल, एन्युमरेट उलटा फिरत नाही. आधी त्याची लिस्ट करून घ्या, रिव्हर्स्ड(लिस्ट(एन्युमरेट(नावं))). आणि एन्युमरेट(रिव्हर्स्ड(नावं)) चालतं पण त्यात नंबर सरळच येतात, शेवटच्याला शून्य. कॉलेजच्या व्हायव्हात यावर माझे दोन मार्क गेलेत म्हणून लक्षात.

रिकामटेकडा

पॉपकॉर्न संपले. कोणी चणे-शेंगदाणे देणार का.

चाळकरी

बाप रे, इतके प्रतिसाद. काल रात्री मीनलताईंचं केलं आणि चाललं! मग हुशारी सुचली की नावं आणि रकमा एकदमच फिरवू, झिप म्हणून असतं ते वापरून. फॉर आय, नाव, रक्कम इन एन्युमरेट(झिप(नावं, रकमा), स्टार्ट=१) असं लिहिलं तर म्हणतो 'नॉट इनफ व्हॅल्यूज टू अनपॅक, एक्स्पेक्टेड थ्री, गॉट टू'. तीन मागतोय, मी तीन देतोय, अजून काय हवं याला?

पुतणी_नव्हे_पण_तशीच

काका, कंस. फॉर आय, (नाव, रक्कम) इन ... असं. एन्युमरेट नेहमी दोनच गोष्टी देतो, नंबर आणि वस्तू. तुमची वस्तू म्हणजे झिपने बांधलेली जोडी. जोडी सोडायला आत कंस लागतो. पार्सलच्या आत पार्सल.

डेटावाली

आणि झिप वापरताय तर सांभाळून. दोन लिस्टची लांबी सारखी नसेल तर तो छोटीपाशी गपचूप थांबतो. एक रक्कम भरायची राहिली तर शेवटच्या खोलीची पावतीच निघणार नाही आणि कोणी बोलणार पण नाही (त्या खोलीवाले सोडून). पायथॉन ३.१० पासून झिपमध्ये स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं, मग लांबी जुळली नाही की लगेच एरर. बँकेत आहात, तुम्हाला हे आवडेल.

अक्षरवेडा

अवांतर: कोणी मराठी शब्दावर एन्युमरेट चालवून बघितलंय का? 'मुंबई' द्या. आपल्या लेखी अक्षरं तीन, मुं ब ई. पायथॉन पाच मोजतो: म, उकार, अनुस्वार, ब, ई. 'ठाणे' चार निघतं. मी शब्दकोड्यांचा प्रोग्रॅम करत होतो आणि चौकटीत नुसत्या वेलांट्या येऊन बसल्या, वाटलं फाँट बिघडला. तो युनिकोडचे तुकडे मोजतो, अक्षरं नाही. शेवटी रेजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल टाकलं, त्यात जोडून अक्षर धरता येतं.

गल्लीतला_गणित्या

मुंबईपेक्षा ठाणे लहान निघालं, ठाणेकर आता येतीलच.

मीनल_ठाणे

आलेय. आमच्याकडे तलाव तुमच्यापेक्षा जास्त आहेत, ते एन्युमरेट करा.

अक्षरवेडा

अजून एक गंमत. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, आणि इंट('१२') असा देवनागरी आकडा कोटमध्ये दिला तर तो बरोबर बारा धरतो. पण कोडमध्ये उघडा १२ लिहिला की सिंटॅक्स एरर. म्हणजे चाळकरींनी वरचा कोड जसाच्या तसा चिकटवू नये.

शेजारचा_आय_वाढवणारा

मी चाळकरींच्या शेजारचा नाही, पण आय = ० आणि आय वाढवत जा याची बाजू कोणीच घेतली नाही म्हणून लिहितोय. चाळकरी, तुमच्या ४८ पैकी सगळ्यांनी वर्गणी दिली का? बंद खोल्या असतीलच. एन्युमरेट सगळ्यांना मोजतो. आत इफ लावून न दिलेल्यांना कंटिन्यूने (म्हणजे ही फेरी अर्धी सोडून पुढची घे) सोडलंत तरी त्यांचा नंबर खर्च होतोच. पावती ४, ५, मग एकदम ८. हिशेब तपासणारा विचारेल ६ आणि ७ कुठे गेल्या, पैसे खाल्ले का. इथे हाताने वाढवलेला काउंटरच बरोबर, कारण तुम्हाला फेऱ्या मोजायच्या नाहीत, फाडलेल्या पावत्या मोजायच्यात. सगळे त्याला अडाणी म्हणतात पण तो नेमकं तेच मोजतो जे तुम्ही सांगाल. फक्त तो वाढवायची ओळ कंटिन्यूच्या खाली गेली पाहिजे, वर नाही.

मीनल_ठाणे

@शेजारचा_आय_वाढवणारा हा मुद्दा माझ्याकडून निसटला होता, मानलं. पण मी तरी आधी दिलेल्यांची वेगळी लिस्ट करेन आणि मग त्या लिस्टवर एन्युमरेट. मग काउंटर विसरायची भीती नाही.

शेजारचा_आय_वाढवणारा

चालेल. पण सतरा नंबरवाला उद्या आला पैसे घेऊन तर? परत चालवलंत की तो यादीत मध्ये घुसणार आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांचे पावती क्रमांक बदलणार. कालच्या पावत्या तर लोकांच्या कपाटात गेल्या. दादरचं झालं तेच.

जुना_पासधारक

पश्चिम रेल्वेवरही बघा. चर्चगेटला शून्य धरलं तर गोरेगाव १७ वं होतं. डिसेंबर २०१६ मध्ये जोगेश्वरीच्या पुढे राम मंदिर हे स्टेशन आलं आणि गोरेगाव १८ वर गेलं. गोरेगाव जागचं हललं नाही, पण कोणाच्या कोडमध्ये स्टेशन[१७] लिहिलेलं असेल तर तो राम मंदिरला उतरला. नावाने शोधणारा मात्र घरी पोचला.

डेटावाली

पावती क्रमांक एकदा दिला की कुठेतरी लिहून ठेवा, दर वेळी लिस्टमधून काढू नका. शेवटचा दिलेला क्रमांक फाईलमध्ये ठेवा आणि नव्या लोकांसाठी एन्युमरेट(नवे, स्टार्ट=शेवटचा + १). खोली नंबर पण लिस्टमधल्या जागेवरून नको, नावाबरोबर लिहा, (३, काकू, ५०१) असं. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत आम्ही हेच भोगतो. फिल्टर लावला की आयटररोज (एकेक ओळ काढून देणारं फंक्शन) जो नंबर देतं ते जुन्या ओळींचं लेबल असतं, ४, ९, २२ असं काहीही, आणि लोक ते 'कितवी ओळ' समजून पुढे वापरतात.

सीवाला_बाबा

एवढ्यासाठी चार बाय सहाची वही आणि पेन पुरलं असतं.

रिकामटेकडा

बाबांना +१. (की +०?)

चाळकरी

मंडळी, झालं एकदाचं! खोली, नाव, रक्कम असं एकत्र ठेवलं, दिलेल्यांची वेगळी लिस्ट केली, ४३ निघाले, त्यावर एन्युमरेट. शेवटचा क्रमांक फाईलमध्ये. आज संध्याकाळी सतरा नंबरवाले आलेच पैसे घेऊन आणि त्यांना पुढचा नंबर बरोब्बर मिळाला. शेजारच्याला सांगितलं की तुझा काउंटर पण बरोबर होता, तर आता तो चाळीत कॉलर वर करून फिरतोय.

एक घोळ झाला. आमच्याकडे पहिली पावती बाप्पाच्या नावाने फाडतात, सव्वा रुपया, तो मंडळच भरतं. ते मी विसरलो होतो, आमच्या अध्यक्षांनी पकडलं. मग लिस्टच्या सुरुवातीला बाप्पा घातले आणि सगळं परत छापलं, तेव्हा नशीब वाटल्या नव्हत्या.

सीवाला_बाबा

बाप्पा लिस्टच्या सुरुवातीला म्हणजे शून्यावर. बघा, मी काय सांगत होतो. माणसं एकपासून.

चाळकरी

बाबा, मलाही तसंच हवं होतं, पण अध्यक्ष म्हणाले 'पावती क्रमांक शून्य' असं देवाच्या नावापुढे लिहायचं नाही. स्टार्ट=१ ठेवलं.

बटाटावडा_शून्य

आणि काकू? त्या २१ पावत्या?

चाळकरी

परत मागायला गेलो होतो. देत नाहीत. मागच्या बाजूला दुधाचा हिशेब लिहायला काढल्यात.